तेवीस तारखेचं पाणी

१

आलेख नव्हता.

उत्तरपत्रिका होती. तिला जोडलेली रेघी पुरवणी होती. पाचव्या प्रश्नाखाली तीन उत्तरंही ओळीने लिहिलेली होती. फक्त ज्या आलेखावरून ती उत्तरं काढायची, तो आलेखच गायब होता. परीक्षकांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, "आलेख जोडलेला नाही. तरीही वाचन केले आहे. उत्तरे दुसऱ्याची पाहून लिहिली असावीत. पेपर रद्द व्हावा."

परीक्षा अधिकाऱ्यांनी ती उत्तरपत्रिका टेबलावर सरकवली आणि म्हणाले, "बाई, प्रकरण सरळ आहे. तुमची एक सही हवी. पेपर रद्द करण्याआधी बाहेरच्या जाणकाराचं मत घ्यावं लागतं, नियम आहे. चहा सांगू?"

समोर बसलेल्या बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि त्यातली अठरा वर्षं इतर परीक्षकांचं तपासणं तपासलं होतं. पिढ्यानपिढ्यांची मुलं त्यांना मोजपट्टीबाई म्हणत. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पर्समध्ये सहा इंची पट्टी असायचीच. कुणाला चष्म्याशिवाय चैन पडत नाही, तसं बाईंचं पट्टीचं होतं.

"सहीची घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"पाच वाजता भूमापनाच्या अभ्यासक्रमाची यादी बंद होते. या मुलीचं नाव आहे त्यात. पेपर रद्द झाला की नाव गेलं. आत्ता सव्वाबारा झालेत."

"मुलगी कुठे आहे?"

"बाहेर बाकावर. वडील आहेत बरोबर. सकाळपासून बसलेत बिचारे."

बाईंनी दाराच्या काचेतून पाहिलं. लांबलचक बाकाच्या एका टोकाला वेणी घातलेली सोळा वर्षांची मुलगी बसली होती, दुसऱ्या टोकाला तिचे वडील. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाईंनी प्रश्न वाचला. एका नदीच्या पाण्याची पातळी, महिन्यातल्या सात तारखांची, मीटरमध्ये. एक तारखेला दोन, मग वाढत वाढत एकवीस तारखेला सात, मग उतार. सव्वीसला चार पूर्णांक सहा. या आकड्यांचा रेषालेख काढा, आणि तुमच्या आलेखावरून सांगा: तेरा तारखेला पातळी किती होती? तेवीस तारखेला किती? पाण्याने पाच मीटरची पातळी पहिल्यांदा कधी ओलांडली?

मुलीने लिहिलं होतं: ४.४ मीटर. ५.६ मीटर. १४ तारखेला.

बाईंची पेन्सिल मधल्या उत्तरावर थांबली. एकवीसला सात, सव्वीसला चार पूर्णांक सहा. दोन बिंदू जोडले की तेवीस तारखेला रेष सहाच्या आसपासच यायला हवी. कुणी वळण देऊन काढली तर किंचित वर. पाच पूर्णांक सहा येणारच नाही.

"साहेब, हिने पाहून लिहिलं म्हणता. कुणाचं पाहून?"

"शेजारच्या कुणाचं तरी."

"मग त्या वर्गात तेवीस तारखेला पाच पूर्णांक सहा लिहिणारं दुसरं कुणी आहे का ते दाखवा. मला अख्खा गठ्ठा हवाय. आणि चहा नको."

२

गठ्ठा तळघरातल्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. बाईंनी तेवढ्या वेळात माणसं बघून घ्यायचं ठरवलं.

मुलगी आत आली ती तावातावानेच. "बाई, मी आलेख काढला होता. जोडला होता. मी खोटं कशाला बोलू?"

"खाली बस आधी. पहिल्या पानावर पुरवण्यांच्या चौकटीत तू एक असं लिहिलंयस. आलेख धरला तर दोन व्हायला हव्यात."

"आमच्या शाळेत आलेखाचा कागद पुरवणीत धरत नाहीत. सगळ्यांनी तसंच लिहिलंय, वाटल्यास बघा."

"आलेखावर तुझा क्रमांक?"

"लिहायला बंदी आहे. ओळख पटेल असं काही लिहायचं नाही."

"कागद जोडलास कसा?"

"दोऱ्याने. फूल बांधलं, बुटाच्या नाडीचं बांधतात तसं. गाठ मारली की मला सोडवता येत नाही."

"रेष कशी काढलीस? हाताने वळवून?"

"पट्टीने. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत. मधे काय झालं ते आपल्याला माहीत नसतं, मग आपण मनाने वळणं का द्यायची?"

बाईंना मुलगी आवडली. पण नुसत्या आवडण्याने कुणाचा पेपर वाचत नाही.

नंतर आल्या वर्गावरच्या पर्यवेक्षिका. स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी त्यांची पाचावर धारण बसली होती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी एकही कागद खाली पडू दिला नाही, हं."

"तसं कुणी म्हणालं का?"

"म्हणतीलच ना! नेहमी पर्यवेक्षकावरच येतं. मी आलेखाचे पंचवीस कागद वाटले. उरलेले मोजून परत दिले. त्याचा हिशेब इथेच आहे."

"पंचवीस वाटले. पण पंचवीस जणांनी काढला का?"

"ते मी कसं सांगू? एका मुलाचा कागद शेवटपर्यंत कोरा दिसला होता. घंटा झाली तेव्हा रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, कोरा असेल तर जोडू नकोस, परत दे. कोण ते आता आठवत नाही. सगळे एकसारखे मान खाली घालून बसलेले असतात."

"आणि दोरा?"

"दोरा मी देते, गाठ ज्याची त्याने मारायची. त्यात काय गमती असतात म्हणून सांगू! कुणी सात गाठी मारतं, कुणी फूल बांधतं, कुणी नुसता पीळ देऊन सोडतं. एकाची मी स्वतः बांधून दिली." पर्यवेक्षिका जरा सैलावल्या. "बाई, मुलगी चांगली वाटते हो. पण तिच्यापुढच्या बाकावर तिची जिवलग मैत्रीण होती, हे मी सांगून ठेवते. नंतर मी लपवलं असं व्हायला नको."

जाताना त्यांनी दार इतक्या हळू लावलं की ते नीट लागलंच नाही.

३

परीक्षक सर दोनच्या सुमारास आले. पन्नाशीचे, नीटनेटके, खिशाला एकाच उंचीची तीन पेनं. बाईंना पाहून ते उभेच राहिले. "बाई, तुम्ही! मी तुमच्या प्रशिक्षणाला होतो, पंधरा वर्षांपूर्वी. तुम्ही सांगितलेलं सगळं लिहून ठेवलंय मी."

"बसा हो. ही उत्तरपत्रिका तुम्हीच तपासलीत?"

"होय. गठ्ठ्यातली शेवटची, पंचविसावी. आलेख नव्हता. उत्तरं मात्र होती. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम."

"बाकीचे आलेख कसे होते?"

सरांचा चेहरा उजळला. "फार छान बाई! आलेख मी नेहमी सकाळच्या उजेडात तपासतो, डोळा ताजा असताना. उत्तरं दुपारनंतर. चोवीस आलेख, आणि त्यात मोठी चूक अशी एकच. एकाने सव्वीस तारखेचा बिंदू एक मोठं घर खाली घेतला होता. चार पूर्णांक सहाच्या जागी तीन पूर्णांक सहा. बाकी रेष देखणी, म्हणून एकच गुण कापला, सहापैकी पाच दिले."

बाईंनी समोरच्या कोऱ्या कागदावर पट्टी ठेवली. एकवीसला सात, सव्वीसला तीन पूर्णांक सहा. रेष ओढली. तेवीस तारखेवर पेन्सिल टेकवून आडवी नेली.

पाच पूर्णांक सहा.

"तो आलेख कुणाचा होता, सर?"

"ते कसं कळणार? नाव नसतं, क्रमांक नसतो."

"अहो, पण कुठल्या तरी उत्तरपत्रिकेला जोडलेला असेलच ना!"

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "असेल. आता इतक्या गठ्ठ्यांत लक्षात राहत नाही."

तेवढ्यात अधिकारी स्वतःच गठ्ठा छातीशी धरून आत आले. बाईंनी सरांना बाहेर थांबायला सांगितलं आणि खालून सुरुवात केली. पंचविसावी मुलीची, बाजूला ठेवली. चोविसावी उघडली.

आलेख होता. पट्टीने काढलेली सरळ रेष, कोपऱ्यात लाल पाच. आणि सव्वीस तारखेचा बिंदू बरोबर एक मोठं घर खाली.

अधिकाऱ्यांनी यादीत बोट फिरवलं. "चोवीस म्हणजे पुढच्या बाकावरची. बाई, ही तर तिची मैत्रीण! तिनेच हिचा आलेख उचलून स्वतःला जोडला. फोन लावतो तिच्या घरी."

"लावू नका," बाई म्हणाल्या.

"आता आणखी काय हवं?"

"चोवीस नंबरने तेवीस तारखेचं उत्तर काय लिहिलंय ते वाचा."

"सहा पूर्णांक दोन."

"आणि तिला जोडलेला आलेख पाच पूर्णांक सहा दाखवतो. चोरलेल्या आलेखावरून तिने वाचलं नाही. म्हणजे तिने स्वतःचा काढला होता, तोही वळणदार, त्याशिवाय सहा पूर्णांक दोन येत नाही. मग तो गेला कुठे? स्वतःचा चांगला आलेख टाकून कुणी चुकीचा कशाला चोरेल?"

अधिकाऱ्यांनी फोन खाली ठेवला. बाई उठून बाहेर आल्या आणि मुलीला एवढंच म्हणाल्या, "तुझा आलेख तुझ्या मैत्रिणीच्या पेपरात सापडलाय."

मुलगी ताडकन उभी राहिली. "ती असं करणार नाही. बाई, हवं तर माझा पेपर रद्द करा, पण तिचं नाव यात घेऊ नका. ती नाही करणार."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले वडील मुलीकडे बघत राहिले. आपण काहीतरी गमावून बसलोय हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

४

चोवीस नंबरची सहा पूर्णांक दोन सांगणारी वळणदार रेष तेवीस नंबरच्या उत्तरपत्रिकेत निघाली.

बाईंनी पट्टी लावून दोनदा बघितलं. तेवीसने स्वतः उत्तर लिहिलं होतं सहा पूर्ण. तो सहा पूर्णवाला आलेख बाविसाव्या उत्तरपत्रिकेत होता. बाविसाचा एकविसात. अधिकारी आकडे वाचत होते आणि बाई पट्टी टेकवत होत्या. काही ठिकाणी दोन्हीकडे जुळत होतं, कारण लागोपाठच्या दोघांच्या रेषा सरळ आणि बिनचूक होत्या. पण अठराव्याचं तेरा तारखेचं उत्तर त्याच्या कागदाशी जुळेना, सतराव्या कागदाशी जुळलं. सोळाव्याने उत्तरपत्रिकेत प्रमाण लिहिलं होतं एका सेंटीमीटरला अर्धा मीटर आणि त्याच्या कागदावर प्रमाण होतं एक मीटर.

"अक्षर बघायचं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आलेखावर अक्षर असतं किती? शीर्षकाचे चार शब्द, तेही ठळक काढलेले. अक्षर जुळतं हे माझं मत होईल. रेष जुळते तो पुरावा आहे."

तेराव्या उत्तरपत्रिकेपर्यंत हाच प्रकार. आणि बाराव्यापासून वरच्या सगळ्या चोख. ज्याचं उत्तर, त्याचाच आलेख.

अधिकाऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बारा मुलांकडे दुसऱ्याचे आलेख! बाई, हे एका मुलीचं प्रकरण राहिलं नाही. आख्ख्या वर्गाने अदलाबदल केली की काय? मला सगळ्यांचेच निकाल थांबवावे लागतील."

पावणेचार वाजले होते. बाईंचं डोकं भणभणलं. एकीला वाचवायला आलो आणि आणखी बारा जणांना बुडवून चाललो, असं त्यांना झालं. पाय मोकळे करायला त्या बाहेर आल्या. मुलगी पाणी प्यायला गेली होती. वडील एकटेच बाकापुढे उकिडवे बसून जमिनीकडे निरखून बघत होते.

"काय हरवलं का?" बाईंनी विचारलं.

ते ओशाळून उठले. "नाही मॅडम. फरशी बसवतो मी, म्हणून सवय. तिकडे कोपऱ्यात चार बोटांची पट्टी भरलीय बघा. लोक म्हणतात, शेवटी माप चुकलं. शेवटी नसतं चुकलेलं. मधे कुठेतरी एक जागा सोडायची राहिली की पुढची सगळी ओळ सरकते. सरकत सरकत कोपऱ्यात जाते आणि तिथे उघडी पडते. बोल लागतो कोपऱ्यावाल्याला." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मॅडम, माझं चुकलंय. परवा पेपर रद्द होणार असा कागद आला तेव्हा मी पोरीला विचारलं, खरं सांग, बघून लिहिलंस का? तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. मघाशी मैत्रिणीसाठी कशी उभी राहिली बघितलंत? मी तिचा बाप असून तिच्यासाठी तसा उभा राहिलो नाही."

पण बाईंचं लक्ष आता त्यांच्या पहिल्या बोलण्यावर खिळलं होतं.

"मधे कुठेतरी," त्या म्हणाल्या, आणि वयाला न शोभेल अशा घाईने आत गेल्या.

५

तेरावी उत्तरपत्रिका. आलेख उत्तम, लाल शाईत सहापैकी सहा. आणि त्याखालच्या तिन्ही उत्तरांच्या जागा कोऱ्या.

"साहेब, सहा गुणांचा आलेख काढायचा आणि तीन आकडे वाचायचे नाहीत? एवढा स्वयंपाक करून पानावर बसलाच नाही हा मुलगा? याने आलेख काढलाच नव्हता. पर्यवेक्षिकाबाईंना कोरा कागद दिसला तो याचा."

"मग याच्याकडे आहे तो कुणाचा?"

"चौदाव्याचा. चौदाव्याकडे पंधराव्याचा. तेराव्यापासून सगळे एकेक घर वर सरकले, आणि शेवटच्या मुलीला काहीच उरलं नाही. तिचा दोष एवढाच, की ती शेवटी होती."

"पण हे केलं कुणी? बारा मुलं मिळून इतकं शिस्तीत करणार नाहीत."

"मुलांनी केलेलंच नाही. दोरे बघा."

अधिकाऱ्यांनी दोन-चार उत्तरपत्रिका उलटल्या. मग सगळ्याच उलटल्या. पंचवीसच्या पंचवीस दोऱ्यांना एकच गाठ होती, लहानशी, चपटी, टोकं कात्रीने सारखी कापलेली. फूल नाही, पीळ नाही, सात गाठी नाहीत.

"पंचवीस मुलं एकसारखी गाठ मारत नाहीत," बाई म्हणाल्या. "हे दोरे सोडून एकाच हाताने पुन्हा बांधलेत. सरांना आत बोलवा."

सर आले. टेबलावर ओळीने मांडलेल्या गाठी बघून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाईंनी आवाज चढवला नाही.

"सकाळी आलेख, दुपारनंतर उत्तरं, असं म्हणालात. जोडलेल्या उत्तरपत्रिकेत ते कसं जमतं? म्हणजे तुम्ही आलेख सोडवून वेगळे करत होता."

सर बराच वेळ खिशातल्या पेनांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सगळे आलेख एकाच टेबलावर पसरून बघितले की हात एकसारखा राहतो, बाई. पहिल्याला कडक आणि विसाव्याला सैल असं होत नाही. मुलांवर अन्याय होऊ नये म्हणूनच करतो. तुम्हीच सांगितलं होतंत प्रशिक्षणात. आलेख सगळे एका बैठकीत तपासा."

बाईंना ते आठवलं. तो फळा, तो वर्ग, आणि स्वतःचा ठाम आवाज. एका बैठकीत तपासा, असं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. दोरे सोडा असं म्हणाल्या नव्हत्या, पण सोडू नका असंही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आणि पुन्हा बांधताना?"

"क्रमाने बांधत गेलो. आलेख चोवीस होते. म्हणजे एकाने काढला नाही हे कळलं. शेवटच्या उत्तरपत्रिकेपाशी आलो तर हातात कागद उरला नाही. मी समजलो, शेवटच्या मुलीनेच काढला नाही. मधल्या कुणाचा नसेल हे डोक्यातच आलं नाही. मग दुपारी आलेखांकडे पुन्हा न बघता नुसती उत्तरं तपासत गेलो, तिची उत्तरं दिसली आणि मला वाटलं..." सरांची नजर टेबलावरच्या गाठींकडे गेली. "बाई, मी एका निरपराध मुलीला चोर ठरवलं. वीस वर्षं इतक्या निगुतीने तपासतोय मी. आता काय करू?"

"लिहून द्या. जसं आत्ता सांगितलंत तसंच. खाली मीही लिहिते की ही पद्धत अर्धी माझी आहे. चार वाजून वीस मिनिटं झालीत, रडायला नंतर भरपूर वेळ आहे."

सरांनी तीनपैकी एक पेन काढलं. पहिलंच वाक्य लिहिलं, "चूक माझी आहे." त्यापुढचं पान त्यांनी न खोडता लिहिलं.

अधिकाऱ्यांनी बारा आलेख आपापल्या जागी लावले. तेराव्या मुलाचे सहा गुण गेले, पण इतर विषयांत तो भक्कम होता, त्याचं काही अडलं नाही. मैत्रिणीला पाच गुण मिळाले होते, तिचे खरे सहा निघाले. मुलीच्या आलेखावर लाल पाच आधीच लिहिलेले होते, ते फक्त तिच्या खाती आले. अधिकाऱ्यांनी पेपर रद्द करण्याचा कागद उभा-आडवा फाडला. शिक्का मारताना होतो तसा आवाज त्याचा झाला नाही, पण त्यांनी तो शिक्का मारल्याच्या थाटात फाडला.

६

मुलीने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे सव्वीसचा बिंदू मी खरंच चुकवला?"

"एक मोठं घर खाली."

"मग तेवीसचं उत्तरही चुकलं. तो गुणही कापायला हवा."

अधिकारी हसले. बाई हसल्या नाहीत. "नाही. प्रश्नात लिहिलंय, तुमच्या आलेखावरून. तुझ्या आलेखावर तेवीस तारखेचं पाणी पाच पूर्णांक सहाच होतं आणि तू तेच लिहिलंस. तुला सहा यायला हवं असं वाटून तू आकडा बदलला असतास, मैत्रिणीचं बघून सहा पूर्णांक दोन केलं असतंस, तर आज तुझा आलेख कुठला हे मला सांगता आलं नसतं. तू चुकलीस, पण जे दिसलं ते लिहिलंस. त्यावरच सुटलीस."

मुलीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत आता कुठे पाणी आलं.

वडील दाराशीच उभे होते. आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. बाईंनीच त्यांना बोलावलं आणि आलेखाचा कागद टेबलावर उलगडून ठेवला. पालकांना उत्तरपत्रिका दाखवत नाहीत. अधिकारी खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या रस्त्यात फार रस असल्यासारखे बघत राहिले.

वडिलांनी हात पाठीमागे बांधले, कागदाला डाग लागू नये म्हणून. वाकून ते डावीकडून उजवीकडे रेषेच्या बरोबर नजर नेत गेले. चढ चढले, सातपाशी थांबले, उतरले.

"हे इथं खाली गेलंय," ते म्हणाले. "एक घर वर हवं होतं ना?"

"हो." मुलगी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मला आत्ता दिसतंय. तुम्हाला एका नजरेत दिसलं."

"रोजचं काम आहे माझं."

"परीक्षेच्या वेळी तुम्ही शेजारी हवे होतात."

"मग तर खरंच बघून लिहिलं म्हणाले असते," वडील म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांचा चेहरा पडला. "चुकलं माझं गं. मी विचारायलाच नको होतं."

"विचारलंत त्याचं काही नाही, बाबा. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मला राग आला नव्हता." मुलगी कागदाकडेच बघत होती. "मी नाही म्हटलं, आणि तुम्ही परत विचारलंत. दोनदा विचारलंत."

दोनदा विचारलं होतं हे खरंच होतं.

"आता नाही विचारणार," ते म्हणाले. "तू एकदा सांगितलंस की झालं."

मुलीने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि पिशवीतून चार घड्या पडलेला प्रवेशाचा फॉर्म काढला. तो तिने सकाळी घरून निघतानाच बरोबर घेतला होता, आणि बाकावरच्या इतक्या तासांत कुणालाही दाखवला नव्हता.

"यादी पाचला बंद होते. पालकांची सही लागते."

अधिकाऱ्यांनी पेन पुढे केलं. वडिलांनी हात शर्टाला पुसले, पेन धरलं आणि फॉर्मवरच्या बारीक चौकटींकडे गोंधळून बघितलं.

"कुठे करू?"

"इथे," मुलगी म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून तिने जागेवर बोट ठेवलं.